जागरणाचें फळ

दोन माणसें एकाच रात्रीं, एकाच आकाशाखालीं, सारख्याच दुर्बिणींना डोळा लावून बसलीं आहेत अशी कल्पना करावी. दोघांचें ज्ञान सारखें, चिकाटी सारखी, थंडीही दोघांना सारखीच बोंचते आहे. पहांटेच्या सुमारास एकाच्या माथ्यावर ढग येतो. दुसऱ्याचें आकाश निरभ्र राहतें. सकाळ होते तेव्हां एकाचें नांव जगांतील सर्व वेधशाळांत जाऊन पोंचलेलें असतें, आणि दुसऱ्याच्या पदरांत केवळ डोळ्यांची जळजळ पडलेली असते. पहिल्याला आपण शोधक म्हणतों. दुसऱ्याला कांहींच म्हणत नाहीं, कारण असा कोणी होता हेंच आपल्याला ठाऊक नसतें. ह्या दुसऱ्याची रात्र वाया गेली काय? आणि पहिल्याचें यश खरोखर त्याचें होतें काय?

आपल्याकडे ह्या प्रश्नांचें उत्तर तयार असतें. फलाशा सोडून कर्म करावें हा गीतेचा उपदेश लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेला आहे, आणि तो खोटा आहे असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु हें उत्तर इतकें सहज तोंडीं येतें कीं त्याची परीक्षा करण्याचें आपण विसरून जातों. दुसऱ्याचे कष्ट फुकट गेले म्हणजे आपण त्याला निष्काम कर्माचा महिमा ऐकवितों. स्वतःचे फुकट गेले म्हणजे मात्र नशिबाला बोल लावतों. ज्या तत्त्वाचा उपयोग केवळ शेजाऱ्याच्या सांत्वनापुरता होतो तें तत्त्व आपल्या अंगीं मुरलेलें नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. म्हणून त्याची परीक्षा अशा लोकांच्या उदाहरणावरून करणें बरें, कीं ज्यांच्या उद्योगांत श्रम आणि फळ यांची फारकत अगदीं उघड्यावर पडलेली आहे. असे लोक म्हणजे धूमकेतूंचा शोध घेणारे हौशी आकाशनिरीक्षक.

‘हौशी’ ह्या शब्दाला आपल्या भाषेंत किंचित् हलकेपणाचा वास येतो. हौसेनें केलेलें काम म्हणजे फावल्या वेळचें, पोट भरल्यावरचें, ज्यावांचून कोणाचें अडत नाहीं असें काम. पण नीतीच्या विचारांत ह्या हलक्या शब्दाचें मोल मोठें आहे. नोकरीसाठीं जागणाऱ्याला महिनाअखेर पगार मिळतो. त्याच्या रित्या रात्रींचा मोबदला कोणीतरी देत असतो. हौशी मनुष्याला कोणी बोलावलेलें नसतें, आणि न आल्याबद्दल कोणी जाब विचारीत नाहीं. तो तेथें कां येतो, हा प्रश्न म्हणूनच त्याच्याबाबतींत अधिक स्वच्छपणें विचारतां येतो.

प्रथम ह्या कामाचें स्वरूप पाहूं. धूमकेतू म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पिसारा पसरलेलें शेंडेनक्षत्र उभें राहतें. शोधणाऱ्याला तें बहुधा तसें दिसत नाहीं. धूमकेतू हा बर्फ आणि धूळ यांचा, सामान्यतः कांहीं किलोमीटर व्यासाचा गोळा. सूर्यापासून दूर असतां तो थिजलेला आणि अंधुक असतो. जवळ येऊं लागला म्हणजे त्याच्या अंगावरील बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ उधळते, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबानें व सूर्यापासून सतत वाहणाऱ्या विद्युत्कणांच्या झोतानें तिचें पुच्छ बनतें. शोध लागतो तो बहुतेक वेळां ह्या वैभवाच्या आधीं. दुर्बिणींत दिसतो तो एक पुसट डाग. कांचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा. तो धूमकेतू आहे कीं दूरचा तारकागुच्छ, तेजोमेघ आहे कीं भिंगावरील दंव, हें त्या डागावर लिहिलेलें नसतें. सूर्यास्तानंतर पश्चिमेचें आणि सूर्योदयापूर्वीं पूर्वेचें आकाश पट्ट्यापट्ट्यानें झाडून काढावयाचें, आणि जें तेथें नेहमीं नसतें असें कांहीं दिसतें काय हें पाहावयाचें, एवढेंच काम. पण ‘नेहमीं नसतें’ हें कळण्यासाठीं ‘नेहमीं काय असतें’ हें पाठ असावें लागतें. सारी तपश्चर्या ह्या एका अटींत आहे.

अठराव्या शतकांत पॅरिस येथें शार्ल मेसिए नांवाचा निरीक्षक ह्या कामांत इतका गढून गेला होता कीं फ्रान्सच्या राजानें त्याला धूमकेतूंचा मुंगूस म्हणावें अशा अर्थाचें टोपणनांव दिलें होतें. डझनाहून अधिक धूमकेतू त्यानें शोधले. शोधतांना फसविणारे जे स्थिर डाग वारंवार आड येत, त्यांची त्यानें यादी केली. हेतु इतकाच कीं पुन्हां त्यांच्यावर वेळ दवडूं नये. १७८१ सालापर्यंत त्या यादींत १०३ वस्तू झाल्या. आज मेसिएच्या धूमकेतूंचीं नांवें अभ्यासकांवांचून कोणाला आठवत नाहींत. यादी मात्र जगांतील प्रत्येक हौशी निरीक्षकाच्या तोंडीं आहे. देवयानींतील दीर्घिका, शौरींतील तारकागुच्छ, मृगांतील तेजोमेघ ह्यांना आजही त्याच्या यादींतील क्रमांकानें ओळखतात. ज्याला त्यानें अडगळ म्हणून बाजूस सारलें तेंच त्याचें स्मारक झालें. आपल्या श्रमांपैकीं कोणता भाग फळाला येईल हें श्रम करणाऱ्यालाच कळतें असें आपण गृहीत धरतों. तें गृहीत किती कच्चें आहे हें ह्या एका उदाहरणावरून दिसून येईल.

आतां हिशेबाकडे वळूं. अमेरिकेंतील डॉन मॅकहोल्झ ह्या निरीक्षकानें आपल्या जागरणाचे तास टिपून ठेवले होते. पहिला धूमकेतू त्याला १९७८ सालीं सांपडला. तोंपर्यंत सुमारें १७०० तास त्यानें रितें आकाश पाहिलें होतें. दुसरा सांपडण्यास पुन्हां जवळजवळ तितकेच, १७४२ तास लागले, साल १९८५. कचेरीचा दिवस आठ तासांचा धरला तर पहिल्याच धूमकेतूसाठीं दोनशेंहून अधिक दिवसांचें काम झालें, आणि तें सर्व रात्रीं, पदरमोड करून. ह्याच्या शेजारीं दुसरें उदाहरण ठेवूं. २३ जुलै १९९५ च्या रात्रीं ॲरिझोनाच्या वाळवंटांत कांहीं मित्र दुर्बिणी घेऊन जमले होते. टॉमस बॉप हा त्यांतील एक; त्याच्याजवळ स्वतःची दुर्बीणही नव्हती. मित्राच्या दुर्बिणींतून मेसिएच्या यादींतील सत्तराव्या क्रमांकाचा, धनु राशींतील, तारकागुच्छ पाहण्याची वारी त्याच्याकडे आली असतां शेजारीं एक पुसट डाग दिसला. नकाशांत तेथें कांहीं नव्हतें. घरीं जाऊन त्यानें तार केली, आणि विसाव्या शतकांतील अत्यंत तेजस्वी धूमकेतूंपैकीं एकाला त्याचें नांव लागलें. दुर्बीण मित्राची आणि वारी बॉपची. मित्राचें नांव धूमकेतूला नाहीं.

त्याच रात्रीं शेजारच्या न्यू मेक्सिकोंत ॲलन हेल आपल्या घरापुढें दुर्बीण लावून बसला होता. तो ज्योतिःशास्त्राचा पदवीधर होता, पण हें निरीक्षण त्याचें घरचें, हौसेचेंच होतें. पूर्वीं त्यानें नवा धूमकेतू शोधण्यांत शेंकडों तास घालविले होते आणि एकही सांपडला नव्हता. त्या रात्रीं तो नवीन कांहीं शोधीतही नव्हता. ठाऊक असलेल्या धूमकेतूंचे वेध घेण्याच्या मधल्या रिकाम्या वेळांत त्यानें सहज तोच तारकागुच्छ पाहिला, आणि तोच डाग त्यालाही दिसला. ज्यासाठीं शेंकडों तास दिले तें त्या तासांत आलें नाहीं. शोधणें सोडल्यावर तें आपण होऊन दारीं आलें.

कोणी म्हणेल, मग दैव हेंच खरें आणि प्रयत्न हें निमित्त. हा निष्कर्ष घाईचा आहे. हेलला तो डाग नवा आहे हें तत्काळ उमगलें, कारण दोनच आठवड्यांपूर्वीं त्यानें तोच भाग पाहिला होता आणि तेव्हां तेथें कांहीं नव्हतें. त्याचे निष्फळ तास त्या क्षणीं त्याच्या डोळ्यांत जमा होते. बॉपनेंही डाग पाहून पुढें जाण्याऐवजीं नकाशा उघडला. ही संवय एका रात्रींत लागत नाहीं. दैव प्रसंग देतें, पण तो प्रसंग आहे हें ओळखण्याची शक्ति देत नाहीं. ती आधींच कमवून ठेवावी लागते. इंग्लंडमधील जॉर्ज अल्कॉक हा शाळामास्तर १९५३ पासून धूमकेतू शोधीत होता. साडेसहा वर्षांहून अधिक काळ कांहीं हातीं लागलें नाहीं. मग २५ ऑगस्ट १९५९ रोजीं एक सांपडला आणि पांच दिवसांनीं दुसरा. पांच दिवसांत त्याची योग्यता दुप्पट झाली होती काय? नाहीं, योग्यता होतीच, प्रसंग तेवढे जवळजवळ आले. सुमारें तीस हजार ताऱ्यांची मांडणी ह्या गृहस्थाच्या स्मरणांत होती असें सांगतात.

तथापि येथें थांबून स्वतःचें समाधान करून घेणें मला अप्रामाणिकपणाचें वाटतें. आतांपर्यंत ज्यांचीं उदाहरणें दिलीं त्या सर्वांना अखेर फळ मिळालें; मिळालें म्हणूनच त्यांचीं नांवें मला देतां आलीं. सतराशें तास जागून अठराशेंव्या तासापूर्वीं ज्यानें दुर्बीण विकली, किंवा ज्याची दृष्टि गेली, किंवा जो वारला, त्याचें उदाहरण कोणालाच देतां येत नाहीं. यशस्वी लोकांच्या चरित्रांवरून ‘श्रमाचें चीज होतेंच’ असें शिकविणें म्हणजे सोडतींत जिंकलेल्यांना विचारून सोडतीचा धंदा किफायतीचा ठरविण्यासारखें आहे. आपण मुलांना असलीं चरित्रें मोठ्या आवडीनें वाचावयास देतों. त्यांत गैर कांहीं नाहीं; पण ज्याच्या चिकाटीला कांहींच मिळालें नाहीं त्याच्याविषयीं त्या मुलाच्या मनांत काय राहतें? चिकाटी कमी पडली असेल, असेंच ना? नशिबाच्या आघातावर आपण दोषाचा डाग वर लावतों. फळ मिळतेंच हें वचन दिसावयास उत्तेजनाचें; पण त्याच्या पोटांत असा निष्ठुरपणा दडलेला आहे.

दुसरा आक्षेप ह्याच्या उलट बाजूनें येतो. धूमकेतूला शोधकाचें नांव देण्याची वहिवाट आहे. तेव्हां हे लोक आकाशाच्या प्रेमानें जागतात असें म्हणावें कीं नांवाच्या लोभानें? नांवाचा लोभ माणसाला कोठवर नेतो ह्याविषयीं मेसिएचीच एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १७७२ च्या मार्चमध्यें त्याची पत्नी बाळंतपणानंतर वारली. मूलही वांचलें नाहीं. तिच्या शुश्रूषेंत असतां त्याच्या हातून एक धूमकेतू निसटला आणि लिमोझच्या मोंतेन नांवाच्या निरीक्षकानें तो पाहिला. समाचारास आलेल्या कोणी दुःख व्यक्त केलें तेव्हां मेसिए त्या गेलेल्या धूमकेतूविषयींच बोलूं लागला, आणि मग पत्नीची आठवण होऊन ओशाळला, अशी ती कथा. ती खरी असेल किंवा पॅरिसच्या बैठकींतील कुचेष्टा असेल. पण ती लोकांना पटली आणि अडीचशें वर्षें टिकली, ह्यांतच आपल्याला ह्या लोभाची किती धास्ती वाटते हें दिसतें.

धास्ती रास्त आहे. त्याच मेसिएच्या तरुणपणची दुसरी गोष्ट पाहावी. हॅलेनें ज्याच्या पुनरागमनाचें भाकीत केलें होतें तो धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत यावयाचा होता. हॅले १७४२ मध्येंच वारला होता. पॅरिसला मेसिए आपला वरिष्ठ द्लील ह्यानें आंखून दिलेल्या नकाशाप्रमाणें महिनेच्या महिने शोध करीत होता. पण नकाशाच चुकीचा होता. इकडे ड्रेस्डेनजवळच्या खेड्यांतील पालिच नांवाच्या शेतकऱ्यानें, ज्यानें ज्योतिःशास्त्र स्वतःच वाचून शिकलें होतें, १७५८ च्या नाताळच्या रात्रीं तो पाहिला. मेसिएला तो २१ जानेवारी १७५९ रोजीं दिसला. पण द्लीलनें ती बातमी दाबून ठेवावयास लावली. ती फुटली एप्रिलमध्यें, तोंपर्यंत पालिचच्या शोधाची वार्ता येऊन पोंचली होती. भाकीत करणारा मरून गेला, वर्षभर शोधणारा मागें पडला, आणि शेतकऱ्याला यश आलें. ह्यांत अन्याय कोणाचाच नाहीं. अन्याय होता तो बातमी दाबण्यांत. ज्ञान आपल्या पेटींत कुलूप लावून ठेवण्याची इच्छा झाली कीं नांवाची आशा ही लोभ बनते.

ह्याच्या उलट दुसरें उदाहरण. ज्यां लुई पॉन्स हा मार्सेलच्या वेधशाळेंत १७८९ सालीं द्वारपाल म्हणून लागला. गणित त्याला फारसें येत नसे. पण त्याची नजर अशी कीं आयुष्यभरांत त्यानें ३७ धूमकेतू शोधले, आणि नुसत्या डोळ्यानें दुर्बिणींतून पाहून इतके धूमकेतू आजवर दुसऱ्या कोणीं शोधलेले नाहींत. १८१८ सालीं त्यानें पाहिलेल्या एका धूमकेतूचें गणित जर्मनींतील एंकेनें केलें आणि तो अवघ्या सव्वातीन वर्षांत सूर्याभोंवतीं फेरी करतो असें सिद्ध केलें. जगानें त्या धूमकेतूला एंकेचें नांव दिलें. एंके स्वतः मात्र त्याला पॉन्सचा धूमकेतू म्हणत राहिला. द्वारपालाची नजर आणि गणित्याची लेखणी यांत श्रेय कोणाचें, हा वाद जग करीत बसलें असतें; एंकेनें तो एका शब्दानें आपल्यापुरता मिटविला. नांवाची इच्छा नीच कीं उदात्त हें ती इच्छा पाहून सांगतां येत नाहीं. तेंच यश दुसऱ्याच्या पदरांत पडलें असतां मनुष्य काय करतो, तेथें तें दिसतें.

शिवाय ह्या वहिवाटींतच एक शहाणपण आहे. धूमकेतूला नांव लागावें म्हणून शोधकानें त्याचें स्थान, त्याची गति आणि वेळ विलंब न लावतां जगाला कळवावी लागते; आणि दुसऱ्या कोणीतरी तेथें पाहून त्याला दुजोरा द्यावा लागतो. म्हणजे जें आपलें म्हणावयाचें तें आधीं सर्वांचें करावें लागतें. लपवून ठेवील त्याचें नांव जातें. माणसांतून स्वार्थ काढून टाकतां येत नाहीं असें ज्यांनीं ओळखलें, त्यांनीं तो परोपकाराच्या गाड्याला जुंपला. एखाद्या समाजाची नीति केवळ थोर पुरुषांवर अवलंबून राहत नाहीं. ती अशा साध्या नियमांवरही उभी असते, ज्यांच्यामुळें सामान्य माणसालाही चांगलें वागणें सोयीचें होतें.

आणि नांवाची इच्छा नेहमीं अहंकारांतूनच उपजते असेंही नाहीं. जपानमधील काओरू इकेया हा तरुण पियानोच्या कारखान्यांत कामाला होता. वडिलांचा धंदा बुडाल्यामुळें घराला वाईट दिवस आले होते; तें खालीं गेलेलें घराण्याचें नांव आकाशांत लिहावें ही त्याची उमेद होती असें सांगतात. त्यानें आपल्या हातानें आरसा घांसून दुर्बीण बनविली आणि १९६३ च्या जानेवारींत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, पहिला धूमकेतू शोधला. १९६५ च्या सप्टेंबरमध्यें एक तुफान जपानवरून गेलें आणि मागें आकाश धुतल्यासारखें स्वच्छ राहिलें. त्या पहांटे इकेयाला एक धूमकेतू दिसला. शेंकडों किलोमीटर दूर, कोची येथें, गिटार शिकवून चरितार्थ चालविणाऱ्या त्सुतोमु सेकी ह्यालाही तो पाव तासाच्या अंतरानें दिसला. दोघेही एकमेकांच्या त्या पहांटेविषयीं अजाण. २१ ऑक्टोबर १९६५ रोजीं तो धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारें साडेचार लाख किलोमीटरांवरून गेला, आणि सूर्यबिंब हातानें झांकलें असतां भर दिवसा दिसला. त्याला दोघांचीं नांवें आहेत. सेकीनें पहिल्या धूमकेतूसाठीं ११ वर्षें वाट पाहिली होती. इकेयानें त्या मानानें थोडीच. त्या पहांटे दोघांना सारखेंच मिळालें.

परंतु इकेयाची खरी कसोटी पुढें आहे. १९६३ ते १९६७ ह्या पांच वर्षांत पांच धूमकेतूंना त्याचें नांव लागलें. त्यानंतरचा सहावा केव्हां? १ फेब्रुवारी २००२ रोजीं. मधलीं ३४ वर्षें रितीं. पहिल्या पांचांनीं त्याला जें शिकविलें असेल, कीं वर्षाला एक हा आपला वांटा आहे, तें पुढच्या चौतीस वर्षांनीं पुसून टाकलें असेल. तरीही अठ्ठावन्नाव्या वर्षीं तो सायंकाळीं पश्चिमेचें आकाश पाहत होताच. घराण्याचें नांव तर केव्हांच वर आलें होतें. मग तो कां बसला होता? ज्या कारणासाठीं मनुष्य एखादें काम सुरू करतो त्याच कारणासाठीं तो तें चालू ठेवतो असें नाहीं. नांवासाठीं उंबरठा ओलांडावा आणि आंत गेल्यावर घराचेंच होऊन राहावें, असें पुष्कळ चांगल्या कामांत होतें.

आज ही कसोटी अधिक कडक झाली आहे. गेल्या तीसएक वर्षांत स्वयंचलित यंत्रें रात्रीमागून रात्र सारें आकाश चित्रित करूं लागलीं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्यें आपल्याकडेही सायंकाळीं पश्चिमेस जो धूमकेतू दिसला त्याचें नांव एका चिनी वेधशाळेचें आणि एका यंत्रणेचें होतें, माणसाचें नव्हतें. हौशी लोकांना वाव उरलेलाच नाहीं असें नव्हे. ऑस्ट्रेलियांतील टेरी लव्हजॉय ह्यानें २०११ सालीं सूर्याला जवळजवळ चाटून गेलेला धूमकेतू शोधला. जपानच्या हिदेओ निशिमुरानें ऑगस्ट २०२३ मध्यें, पहांटेच्या उजेडाजवळ, साध्या कॅमेऱ्यानें एक टिपला. पण वाव दिवसेंदिवस आकुंचित होत आहे हें कबूल केलें पाहिजे. जेथें फळाची आशाच जवळजवळ उरली नाहीं तेथें जागणें शहाणपणाचें काय, असा प्रश्न आतां सरळ समोर येतो.

ह्या प्रश्नाला एक उत्तर अल्कॉकच्या आयुष्यांत सांपडतें. ३ मे १९८३ च्या रात्रीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यानें घरांत बसून बंद खिडकीच्या कांचेंतून द्विनेत्रीनें एक धूमकेतू पाहिला. तो पृथ्वीपासून पन्नास लाख किलोमीटरांहूनही कमी अंतरावरून गेला. १७७० नंतर इतक्या जवळ दुसरा आलेला कोणाला आढळला नव्हता. पण एका कृत्रिम उपग्रहानें तो आठवडाभर आधींच टिपला होता, आणि अराकी नांवाच्या जपानी निरीक्षकानेंही पाहिला होता. नांवांच्या ओळींत उपग्रह पहिला आणि अल्कॉक शेवटचा. यंत्रानें आधीं पाहिलें म्हणून खिडकींतल्या म्हाताऱ्यानें पाहिलें नाहीं, असें होतें काय? यंत्राला एक नोंद मिळाली. अल्कॉकला ज्या आकाशाची ओळख तीस वर्षें जोडली होती त्यांत एक पाहुणा दिसला. पहिल्या गोष्टींत आधीं आणि मागून असा भेद आहे. दुसरींत तो नाहीं. दुसऱ्या कोणी आधीं वाचला म्हणून आपण वाचलेला ग्रंथ उष्टा होत नाहीं.

तेव्हां मूळच्या दोन माणसांकडे परत येऊं. ढगाखालीं बसलेल्याची रात्र वाया गेली काय? मला वाटतें, येथें दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत. ज्ञानाच्या हिशेबांत ती वाया जात नाहीं, आणि हें सांत्वन म्हणून नव्हे, वस्तुस्थिति म्हणून खरें आहे. अमक्या रात्रीं अमक्या भागांत कांहीं नव्हतें, हें ठाऊक असल्यावांचून दुसऱ्या रात्रीं तेथें कांहीं आलें आहे हें कळतच नाहीं. हेलचा दोन आठवड्यांपूर्वींचा रिता वेध नसता तर त्याचा भरलेला वेध निरर्थक झाला असता. रित्या रात्री ह्या फळाच्या किंमतीदाखल मोजलेल्या नसतात. त्या त्याची जमीन असतात.

पण त्या माणसाच्या स्वतःच्या हिशेबांत काय? तेथें मी त्याला ‘तुझे श्रम कोणाच्या तरी कामीं आले’ असें सांगून गप्प बसविणार नाहीं. त्याचें दुःख खरें आहे. आशा धरूं नको असेंही मी सांगणार नाहीं. आशेवांचून कोणी कडाक्याच्या थंडींत पहांटे तीन वाजतां अंथरूण सोडील असें मला वाटत नाहीं. इतकेंच म्हणावेंसें वाटतें, कीं आशा असावी, पण ती येणें म्हणून वहींत मांडूं नये. ज्यानें आकाशाच्या नांवें सतराशें तासांची थकबाकी लिहून ठेवली, त्याला धूमकेतू सांपडला तरी तो फिटलेल्या कर्जासारखा वाटेल, आणि न सांपडला तर बुडालेल्या. ज्यानें ती लिहिली नाहीं, त्याला सांपडला तर देणगी मिळेल, आणि न सांपडला तरी आकाश त्याच्यापाशीं उरेल. फलाशा सोडावी ह्या उपदेशाचा अर्थ मला ह्या लोकांकडून असा कळला: इच्छा मारणें नव्हे, हक्क सोडणें.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या वांट्याला दुर्बीण येत नाहीं. पण जागरण येतें. तीस वर्षें एकाच इयत्तेला तोच धडा शिकविणारा शिक्षक, आजाऱ्याच्या उशाशीं बसलेली सून, कोणी छापणार नाहीं अशा विषयाचीं टिपणें काढीत बसलेले घरांतले आजोबा, ह्या सर्वांचा धंदा हाच आहे. त्यांना शेवटीं फळ मिळेलच असें वचन देण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. पण त्यांच्या रित्या रात्रींकडे पाहून, चिकाटी कमी पडली असेल, असें म्हणण्याचा तर त्याहून नाहीं.

२००२ सालीं इकेयाला जो धूमकेतू सांपडला तो त्याच रात्रीं चीनमधील झांग नांवाच्या हौशी निरीक्षकानेंही पाहिला होता, आणि दोघांचीं नांवें त्याला आहेत. पुढें गणित झाल्यावर कळलें कीं तो नवा नव्हे. १६६१ सालीं डान्झिग येथें हेवेलियसनें त्याचे वेध घेतले होते. सुमारें ३६६ वर्षांची त्याची फेरी. तो पुन्हां येईल तो चोविसाव्या शतकांत. त्या वेळीं तो कोठें दिसेल हें आधींच ठाऊक असल्यानें त्याच्यासाठीं कोणाला जागत बसण्याची गरज पडणार नाहीं. तरीही कोणीतरी बसेल, अशी माझी खात्री आहे.